पेनी वेडिंग, मुक्काम पोस्ट धायरी

आमच्या सोसायटीतल्या काकांचा मुलगा ग्लासगोला नोकरीला आहे. लग्न मे महिन्यात, धायरीतल्याच एका लॉनवर. मुलगी नऱ्ह्याची. सगळं सुरळीत चाललं असताना मुलाने फोनवर जाहीर केलं, की लग्नाला 'स्कॉटिश टच' हवा. नवरदेव किल्ट घालणार, वरातीपुढे बॅगपाइप वाजणार, आणि भटजींनी मध्येच पाच मिनिटं द्यायची, कारण हाताला फीत बांधायचा एक विधी आहे.

काका लिफ्टमध्ये भेटले. मी पेपरात लिहितो म्हणजे मला सगळं माहीत असणार, असा त्यांचा समज. म्हणाले, "अहो, हा किल्ट शिवतात कुठे? लक्ष्मी रोडला विचारलं, तर तो म्हणाला, स्कर्ट वरच्या मजल्यावर, लेडीज सेक्शनला."

काकू शेजारीच होत्या. "आणि देवक बसवताना घालणार आहे का ते? तेवढं विचारून सांगा. गुरुजींना आधी कल्पना द्यायला हवी."

मी म्हटलं, खुशाल घालू द्या. आपल्या लग्नात परकं काय नाही? संगीत पंजाबातून आलं. मेहंदीचा जंगी कार्यक्रम उत्तरेतून आला. नवरदेवाचे बूट पळवणं 1994 मध्ये 'हम आपके हैं कौन' बघून आलं. त्याआधी आपल्याकडे मुलीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळायचा आणि फेटा घेऊन गप्प बसायचा. आता कानपिळी पण होते, बूटही जातात, आणि वाटाघाटी गुगल पे वर होतात. ज्या ब्रास बँडशिवाय वरात निघाल्यासारखी वाटत नाही, त्याची वाद्यं आणि सोनेरी झालरीचे लाल कोट गोऱ्या पलटणींचे. त्या पलटणींतल्या बॅगपाइपने आपल्या वरातीत यायला जरा उशीरच केला म्हणायचा. तिकडे गढवाल-कुमाऊंत त्याला मशकबीन म्हणतात आणि ती वाजल्याशिवाय नवरा घराबाहेर पाऊल टाकत नाही. तिथल्या म्हाताऱ्यांना सांगा, की ही स्कॉटलंडची परंपरा आहे. ते तुम्हालाच वेड्यात काढतील.

आणि पुण्याला स्कॉटिश माणूस नवा आहे का? 1817 मध्ये खडकीच्या लढाईनंतर पेशवाई ज्याच्या हातात आली तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश. मराठ्यांचा इतिहास 1826 मध्ये तीन खंडांत लिहून, पुढे दीडशे वर्षं आपल्याला त्यावर भांडायची सोय करून देणारा ग्रँट डफ स्कॉटिश. आणि 1880 ते 1885 मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले सर जेम्स फर्ग्युसन, म्हणजे ज्यांच्या नावाने टिळक-आगरकरांच्या मंडळींनी 1885 मध्ये कॉलेज काढलं ते, एअरशर परगण्यातल्या किलकेरनच्या घराण्याचे. हे घराणं फर्ग्युसन कुळाचं प्रमुख घराणं. या कुळाचा स्वतःचा टार्टन आहे, गडद हिरव्या-निळ्या चौकड्यांचा. तेव्हा आमच्या काकांच्या मुलाने उगाच कुठल्या मॅकडोनाल्डचा किल्ट भाड्याने आणू नये. तो एफसीचा माजी विद्यार्थी आहे. फर्ग्युसन टार्टनवर त्याचा हक्क निदान त्या रस्त्यावरच्या डोशाइतका तरी आहेच.

हक्काचं म्हणाल, तर टार्टन कोणी घालावा यावर कायद्याची बंदी नाही. स्कॉटलंडच्या सरकारने 2009 पासून टार्टनची अधिकृत नोंदवही ठेवलीय. त्याच्याही आधी, 1999 मध्ये 'सिंग' आडनावाचा टार्टन निघाला आहे. हे मी काकांना सांगायला नको होतं. आता धायरीत ही बातमी पसरली, की पोकळे टार्टन, बेनकर टार्टन, रायकर टार्टन आणि त्या प्रत्येकात थोरल्या वाड्याचा वेगळा आणि धाकट्या वाड्याचा वेगळा, असं सुरू होईल. फ्लेक्सवर कोणाचा फोटो मोठा यावरून जिथे भाऊबंदकी होते, तिथे चौकडीच्या रंगावरून काय होईल?

किल्टचं गणित मात्र मजेदार आहे. पारंपरिक किल्टला आठ वार कापड लागतं. आपल्या लुगड्याला नऊ. म्हणजे स्कॉटलंडचा लढवय्या पुरुष धायरीच्या आजीपेक्षा एका वाराने कमी पडतो. तरी आजी ते नऊ वार नेसून भात लावायची, विहिरीवरून पाणी आणायची आणि वेळ पडली तर झाडावर चढायची. नातीची नऊवारी मात्र शिवलेली, चेन लावलेली, दोन मिनिटांत पायजम्यासारखी चढणारी. तिला आम्ही परंपरा म्हणतो.

पण हसू नका. खुद्द किल्टची गोष्ट याहून गमतीची आहे. 1746 मध्ये कलोडनच्या लढाईत डोंगरी टोळ्यांचा पाडाव झाला आणि इंग्रजांनी त्यांचा पोशाखच बेकायदा ठरवला. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, पुन्हा सापडला तर सात वर्षं काळं पाणी. ही बंदी उठली 1782 मध्ये. तोवर डोंगरातली माणसं विजारीत रुळली होती. एडिंबरा-ग्लासगोच्या शहरी स्कॉटिश लोकांना तर हा पोशाख कधी आवडलाच नव्हता. त्यांच्या लेखी डोंगरी माणूस म्हणजे गुरं चोरणारा दांडगट. मग 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला येणार ठरलं आणि त्या सोहळ्याची सूत्रं गेली कादंबरीकार वॉल्टर स्कॉटकडे. आजच्या भाषेत, इव्हेंट मॅनेजर. त्याने फर्मान काढलं, की सगळ्यांनी आपापल्या कुळाचा टार्टन घालून यावं. ज्यांच्या पणजोबांनी किल्टवाल्याला दारात उभं केलं नव्हतं, त्यांनी रातोरात विणकर गाठले. कुळाला चौकडी मिळाली, चौकडीला इतिहास मिळाला. राजेसाहेबही किल्ट घालून अवतरले, खाली गुलाबी तंग विजार. पुढे डेव्हिड विल्की या चित्रकाराने राजाचं चित्र काढलं, तेव्हा ती विजार गायब केली. आमचे प्री-वेडिंगवाले फोटोग्राफर पानशेतच्या पाण्यातून टँकरची पाइपलाइन पुसून टाकतात, तोच प्रकार.

गंमत बघा. आदल्याच वर्षी, 1821 मध्ये, एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती. एक स्कॉटिश साहेब पुण्याची परंपरा जपत होता, आणि त्याचे गाववाले एडिंबऱ्यात आपली परंपरा शिंप्याकडे टाकत होते.

हाताला फीत बांधायचा तो विधीही तसाच. त्याला हँडफास्टिंग म्हणतात. एक वर्ष आणि एक दिवस एकत्र राहून बघायचं, पटलं तर पुढे चालू, नाही तर राम राम, अशी त्याची रोमांचक हकिगत सांगितली जाते. ती घराघरात पोचवली पुन्हा त्याच वॉल्टर स्कॉटने, 1820 च्या 'द मॉनेस्टरी' कादंबरीतून. अभ्यासकांच्या मते ते साधं हातात हात घेऊन लग्न ठरवणं होतं. फितीचा थाट बराच अलीकडचा. आपल्याकडे उपरण्याला शेल्याची गाठ मारतात, ती मारल्यावर लघवीलाही जाता येत नाही, एवढी ती पक्की. त्यावर आणखी फीत कशाला, हे मला समजलेलं नाही. पण फोटो चांगला येतो म्हणे.

तर मुद्दा असा, की परंपरा दोनशे वर्षांपूर्वी शिवून घेतली काय आणि गेल्या मंगळवारी शिवून घेतली काय, तक्रार करायचा अधिकार आम्हा पुणेकरांना नाही. सिंहगडाच्या पायथ्याला, लॉनच्या गेटवर, रोजावर आणलेले मावळे रबरी भाले धरून उभे असतात. त्यांच्यातला एक जण ढालीआड मोबाइल बघत असतो. नवरीची एंट्री पालखीतून, पालखीखालून धूर, धुरावर ड्रोन. या गर्दीत एक बॅगपाइपवाला वाढला तर आभाळ कोसळत नाही. उलट त्याच्या तोंडात फुंकणी असल्याने तो माइक घेऊन 'मान्यवरांचं आगमन होत आहे' असं ओरडू शकणार नाही, हा केवढा फायदा! मुहूर्त बारा पस्तीसचा असतो आणि बारा पन्नासला अजून माजी उपसरपंचांना फेटा बांधणं चालू असतं. 2017 मध्ये धायरी महापालिकेत गेली, पण उपसरपंच अजून गेलेले नाहीत. टँकरही गेलेला नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. आम्ही आणायचं ते आणत नाही.

स्कॉटलंडच्या लग्नात आणण्यासारखं पुष्कळ आहे. तिथे लग्नाच्या आदल्या दिवसांत मित्रमंडळी नवरा-नवरीला पकडून काजळी, काकवी, पीठ, पिसं जे हाती लागेल ते फासतात आणि गावभर मिरवतात. आपली हळद त्यापुढे फारच सोज्वळ. फोटोत पिवळे कपडे खराब होऊ नयेत म्हणून हल्ली ती एका बोटाने लावतात. त्या काळं फासण्याचं मूळ पाय धुण्याच्या जुन्या रिवाजात सांगतात. मित्र-मैत्रिणी टबात पाय धुवायचे, मग पुन्हा काजळी फासायची, पुन्हा धुवायचे, आणि टबात कुणा सवाष्णीची अंगठी टाकलेली असायची. जिला सापडेल तिचं लग्न पुढचं. पाय आपल्याकडेही धुतात. फक्त नवऱ्या मुलाचे. आणि धुतो मुलीचा बाप, साठी उलटलेला, गुडघे दुखत असलेला, सावकाश वाकून. व्हिडिओवाला म्हणतो, "काका, जरा परत एकदा." ज्यांना स्कॉटिश टच हवाय, त्यांनी इथे द्यावा की! पोराचे पाय पोराच्या मित्रांनी धुवावेत आणि वर काजळी फासावी.

तिथे आणखी एक रिवाज आहे. मुलगी लग्नाला निघताना गाडीत बसली, की तिचा बाप गल्लीतल्या पोरांसाठी चिल्लर उधळतो आणि पोरं तुटून पडतात. हा रिवाज मात्र आणू नये. आपल्याकडचा मुलीचा बाप साखरपुड्यापासून उधळतोच आहे, आणि तुटून पडणारी पोरं चांगली तीस-बत्तीस वर्षांची, पॅकेजवाली असतात.

दोन कानांचा एक वाडगा असतो, क्वेक. त्यातून नवरा-नवरी आळीपाळीने व्हिस्कीचा घोट घेतात. आपल्याकडे नवरदेवाला मधुपर्क देतात, दही आणि मध. काकूंनी निक्षून सांगितलं, की मांडवात दारू चालणार नाही. अगदी बरोबर. ती मांडवात कधीच नसते. ती पार्किंगमध्ये, तिसऱ्या रांगेत, पांढऱ्या फॉर्च्युनरच्या मागे असते, आणि तिथे स्कॉटिश परंपरा गेली कित्येक वर्षं श्रद्धेने पाळली जाते. 2022 मध्ये बाटल्यांच्या हिशेबात भारताने फ्रान्सला मागे टाकलं आणि स्कॉचचं जगातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक झाला, जवळपास 22 कोटी बाटल्या. जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी करार झाला. त्यात आयातकर 150 टक्क्यांवरून 75 आणि पुढच्या दहा वर्षांत 40 वर आणायचं ठरलं. म्हणजे पार्किंगमधली परंपरा आणखी दृढ होणार.

पळून जाऊन लग्न करायची सोय? 1753 मध्ये इंग्लंडने कायदा करून आईबापांच्या संमतीशिवाय एकवीसच्या आतल्यांची लग्नं अडवली. तेव्हापासून इंग्लंडची पोरंपोरी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीन गावी पळायची आणि लोहाराच्या ऐरणीपुढे लग्न लावून यायची. त्यासाठी आम्हाला स्कॉटलंडकडे बघायची गरज नाही. आळंदी आहे. माउली सांभाळून घेतात.

हे सगळं सोडून एक रिवाज खरोखर धायरी फाट्यावर उतरवून घ्यावा असा आहे, आणि नेमका तोच कुठल्या वेडिंग प्लॅनरच्या यादीत नाही. त्याचं नाव पेनी वेडिंग. बेत साधा. लग्न गरिबाघरचं. जेवण, दारू, फिडलवाला, सगळ्याचा खर्च पाहुण्यांनी वर्गणीने करायचा. जो येईल तो आपल्या ताटाचे पैसे देणार. उरलेली रक्कम नव्या जोडप्याची, भांडीकुंडी घ्यायला. त्यामुळे पाहुणे जितके जास्त, तितका संसार सोपा. नवरा-नवरी गावभर आमंत्रणं करायची आणि लोक आनंदाने यायचे, कारण पैसे दिलेले असले की माणूस जेवणाला नावं ठेवत नाही, पोटभर नाचतो. चर्चला हे अजिबात पसंत नव्हतं. फार पिणं, फार नाचणं. 1681 मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने लग्न, बारसं आणि मयत यांच्या खर्चाला आळा घालणारा कायदाही केला: घरचे आणि सख्खे सोडून दोन्हीकडून फक्त चार-चार स्नेही. पेनी वेडिंग त्यालाही पुरून उरलं. 1818 मध्ये एका चित्रकाराने त्याचं झकास चित्र काढलं: मोडकं-तोडकं घर, वाजवणारा म्हातारा, नाचणारी पोरं, कोपऱ्यात वाढलेलं जेवण. चित्रकार कोण? तोच तो डेव्हिड विल्की, राजाची गुलाबी विजार पुसणारा. आम्ही राजाचं चित्र उचललं. दुसऱ्याकडे बघितलंही नाही.

बरं, हा रिवाज तरी परका आहे का? जुन्या धायरीतल्या माणसांना विचारा. मांडवाच्या तोंडाशी सतरंजीवर एक हिशेबी माणूस बसायचा, पुढ्यात लांबट वही. "विठोबा सखाराम, खडकवासला, अकरा रुपये." "किसन मारुती, किरकटवाडी, पाच रुपये आणि टॉवेल-टोपी." वही घरात जपून ठेवायची आणि किसनच्या घरी कार्य निघालं, की पान काढून बघायचं. सैपाकाला भावकी, वाढायला तालीम, भांडी देवळाची. कोणी त्याला सोशल काही म्हणत नव्हतं. पेनी वेडिंगच ते, टोपी घातलेलं.

मग जमिनीला भाव आला. जिरायत रानाचे गुंठे पडले, गुंठ्यांचे प्लॉट झाले, प्लॉटचे टॉवर झाले, आणि आहेराची वही कमीपणाची वाटू लागली. पत्रिकेच्या तळाशी चौकटीत ओळ आली: 'कृपया आहेर आणू नये. आपली उपस्थिती हाच आहेर.' भारदस्त ओळ आहे. तिने गावातल्या गरीब पाहुण्याचा संकोच घालवला, हे खरं. पण तिनेच सगळा खर्च एका माणसाच्या डोक्यावर ठेवला. त्याला गुंठे असले तर ठीक. नसले, तर बँक आहे, पतपेढी आहे, आणि सगळ्यांच्या शेवटी तो खासगीतला आहे, ज्याचं व्याज महिन्यावर असतं. दीड हजार ताटं, त्यातली चारशे निम्मी टाकलेली, पनीर अंगूरी जिलेबीच्या रसात तरंगतंय. आणि ज्यांची 'उपस्थिती हाच आहेर', ते उपस्थित किती वेळ? अक्षता टाकून बफेकडे, बफेवरून पार्किंगकडे, कारण धायरी फाट्यावर जाम लागायच्या आत दुसरं लग्न गाठायचंय.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये पन्नास माणसांत लग्नं लावायला लागली. ती लागलीच ना? 2025 च्या उन्हाळ्यात मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नाची आचारसंहिता आली: मोजके पाहुणे, डीजे नको, उधळपट्टी नको. चांगलंच आहे. पण 1681 च्या कायद्यासारखं याचं होऊ नये. माणसं कमी करा म्हणून कोणी करत नाही. आपल्याच मावशीला कोण वगळणार? खर्च वाटून घ्या म्हटलं, तर माणसं आपोआप जबाबदारीने जेवतात.

आणि अस्सल स्कॉटिश टच असलेलं लग्नच हवं असेल, तर ते पुण्यात 1873 मध्ये होऊन गेलं आहे. 1841 च्या सुमाराला एक मुलगा पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागला. जोतीराव फुले. त्यांनी 1873 च्या सप्टेंबरमध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच डिसेंबरात पहिलं सत्यशोधक लग्न लावलं. भटजी नाही, हुंडा नाही, कर्ज नाही. वधू-वरांनी चारचौघांसमोर एकमेकांना वचन द्यायचं आणि संसाराला लागायचं. किल्ट नव्हता, बॅगपाइप नव्हता. स्कॉटिश शाळेत शिकलेल्या पुणेकराने लग्नात घातलेली भर म्हणून मला तरी एवढीच माहीत आहे, आणि तीच आपल्याला झेपलेली नाही.

काकांनी हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं ठीक आहे हो, पण किल्टचं काय?" मी फर्ग्युसन टार्टन सुचवलं. काकू म्हणाल्या, रिसेप्शनला घालू दे, देवकाला नको. तोडगा निघाला.

आता वाचकांना. मे महिन्याच्या तिथींच्या पत्रिका या आठवड्यात छापायला जातील. अप्पा बळवंत चौकात प्रूफ हातात येईल, तेव्हा तळाची ती चौकटीतली ओळ खोडा. तिथे लिहा: 'आहेर रोख आणावा. वही दारात ठेवली आहे.' लाज वाटली, तर खाली बारीक अक्षरात 'स्कॉटिश पद्धतीने' असं छापा. परदेशचं आहे म्हटल्यावर कोणी नावं ठेवणार नाही.